गाडीपुढे उभा राहणारा माणूस

आमच्या दवाखान्याच्या गाडीला बॅटरी आहे, असं म्हणायची पद्धत होती. बॉनेट उघडलं की बॅटरीची पेटी दिसायची, तिला दोन वायरी जोडलेल्याही होत्या. पण त्या पेटीत जीव म्हणून नव्हता. गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालायचं, जोर लावून इंजिन फिरवायचं, तेव्हा कुठे ती खोकत खोकत जागी व्हायची. ठिणगी पाडायची जुन्या धर्तीची वेगळी सोय तिच्यात होती, म्हणून बॅटरीवाचून तिचं भागायचं. ज्या धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना होता त्यांचं म्हणणं असं, की गाडी चालते आहे ना, मग बॅटरी कशाला? मी दोनदा अर्ज केला, एकदा सेक्रेटरींशी तोंडातोंडी भांडले. त्यांनी मला शांतपणे चहा पाजला आणि बॅटरीचा विषय तिथेच संपला.

हे हँडल मारायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळं चाकण हवालदार म्हणायचं. ते आयुष्यात कधी हवालदार नव्हते. लढाईच्या काळात लष्करात लॉरी चालवायचे, एवढंच. कोणी हवालदार म्हटलं की ते न चुकता दुरुस्ती करायचे, "हवालदार न्हाई, नुस्ता डायवर." लोक "बरं" म्हणायचे आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा हवालदार म्हणायचे. मीही तेच केलं. ड्रायव्हर म्हणून हाक मारावी असा तो माणूसच नव्हता.

बुटके, रुंद खांद्यांचे, खाकी सदऱ्याची गळ्याशी बटणं वैशाखातही लावलेली. वरच्या खिशात पेन्सिल नाही, चष्मा नाही. केसांचा एक आकडा. इंजिनातलं कसलंसं बारीक भोक साफ करायला तो लागतो, म्हणून माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात मागून घेतला होता. परत मागितला तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचं क्यास एका आकड्यानं ऱ्हातील. गाडी न्हाई ऱ्हानार." मी वेणी घालून काम चालवलं.

मी पुण्यात नर्सिंग शिकून तिथे रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि रागीट होते. आता तेवीस वर्षांची नाही. दुसऱ्याच दिवशी हवालदारांनी मला दवाखान्यामागच्या माळावर नेलं आणि गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितलं.

मी म्हटलं, "मी नर्स आहे. तुमची क्लीनर नाही."

"व्हय," ते म्हणाले. "पर हँडल मारताना शिटावर मानूस लागतो. क्लिनर द्येत न्हाईत. तुमी हायसा."

"म्हणजे मी आता गाडी चालवायला शिकू?"

"चालवायला नगं. गाडी मोकळी करायला शिका. तेवढंच पुरं."

गाडी मोकळी करणं म्हणजे न्यूट्रलमध्ये आणणं. क्लच दाबायचा, गिअरचा दांडा मधे आणायचा आणि मग तो डावीउजवीकडे हलवून बघायचा. हलला तर मोकळा, अडला तर आतले दात एकमेकांत धरलेले. मग "मोकळा" असं मोठ्यानं ओरडायचं. ओरडून झालं की पुन्हा हलवायचा आणि पुन्हा ओरडायचं. दोनदा ऐकल्याशिवाय हवालदार हँडलला हात लावायचे नाहीत. दांडा मधे आहे की नाही हे मी डोळ्यांनी बघते म्हणून त्यांनी माझ्याच पदरानं मला डोळे झाकायला लावले. "हाताला इचारा. डोळं खोटं बोलत्यात." औषधाला आलेल्या बायका माळाच्या कडेला उभ्या राहून हा प्रकार बघत होत्या. त्यातल्या एकीनं नंतर मला आपुलकीनं विचारलं, नर्सबाईंना काही बाधा झाली आहे का?

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. गिअरमध्ये असलेल्या गाडीला हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं, तर त्याच झटक्यात गाडी पुढे झेप घेते. आणि पुढे हँडल मारणारा उभा असतो. बस, एवढंच. पुन्हा विचारलं तर म्हणायचे, "सांगितलं की."

त्यानंतर रोज सकाळी मी आत आणि ते गाडीच्या तोंडासमोर. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, झटका उलटा आला तर मोडू नये म्हणून अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून ते हँडल धरायचे आणि माझ्याकडे काचेतून बघायचे. त्या नजरेची मला भीती वाटायची. त्यांच्या बरगड्या आणि बंपर यांच्यात हातभर अंतर, आणि ते अंतर माझ्या एका शब्दावर. इंजेक्शन मी पहिल्या दिवसापासून बेधडक द्यायचे, पण "मोकळा" म्हणायच्या आधी सुरुवातीचे कितीतरी दिवस मी दांडा चार-चारदा हलवून बघायचे.

माणसांची पारखही ते गिअरवर करायचे. आठवड्यातून दोनदा पुण्याहून येणारे डॉक्टर म्हणजे कायम टॉप गिअरमध्ये. चढ आला तरी खाली उतरायचे नाहीत. कंपाउंडर रिव्हर्समधला. सेक्रेटरी नुसता हॉर्न. मला काय म्हणतात ते मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमी फश्टमंदी. लई आवाज, पर वढता."

त्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे त्यांचा आवाज. घाई जितकी जास्त, तितका तो खाली जायचा. नेहमीचं बोलणं चांगलं खणखणीत. पण पेशंट अत्यवस्थ झाला, रस्त्यात गाडी बिघडली, कोणी अंगावर आलं, की हवालदार कुजबुजायला लागायचे. नातेवाईक रडारड करत असायचे आणि हे काहीतरी महत्त्वाचं अशा सुरात सांगायचे, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. मग ते मला ओरडून सांगावं लागायचं. गावात माझी भांडकुदळ म्हणून जी ख्याती झाली तिच्यातला निम्मा वाटा हवालदारांचा आहे.

हँडब्रेक यथातथाच, म्हणून गाडीत चाकाला लावायला एक काळाभोर दगड असायचा. चालत्या गाडीत तो घरंगळू नये म्हणून ते पेशंटच्या नातेवाइकाच्या मांडीवर द्यायचे आणि बजावायचे, "ह्याला सोडायचं न्हाई." का, ते सांगायचे नाहीत. खराबवाडीच्या एका म्हातारीनं पुण्यापर्यंत तो दगड पोटाशी धरला, तिचा नातू वाचला, आणि आठ दिवसांनी येऊन तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. हवालदारांनी ते पुसलं नाही. कुंकवासकट तो चाकाखाली जात राहिला.

पण ज्या गोष्टीवरून लोक त्यांना खरोखरच विक्षिप्त ठरवायचे ती वेगळीच होती. ते गाडीच्या पुढे दुसऱ्या कोणालाही हँडल मारू द्यायचे नाहीत. हँडल म्हणजे ताकदीचं काम. भोसरीचे एक पैलवान पाय दाखवायला दवाखान्यात यायचे. मांड्या खांबासारख्या, उत्साह दांडगा. एकदा हवालदारांना मलेरियाचा ताप भरला होता, दात वाजत होते, तरी हँडल घेऊन उभे. पैलवान म्हणाले, "राव, बाजूला व्हा. एका झटक्यात चालू करतो. तुमी शिटावर बसा." हवालदारांनी हँडल गाडीतून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. पैलवानांनी हसून घेतलं, मग रागावले, मग निघून गेले. ते नजरेआड झाल्यावर हवालदार उठले आणि पाच-सहा झटक्यांत, घामाघूम होऊन, गाडी सुरू केली.

"माज आहे, लष्कराचा," कंपाउंडर म्हणाला. मलाही तेच वाटलं. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी नेहमीसारखं दुरुस्त केलं नाही, एवढं मला आठवतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा नुकते कारखान्यांचे पाये खोदायला घेतले होते. आमच्या चाकणच्या बाजूला मात्र नुसती शेतं आणि बैलगाड्या. दुपारी बाराच्या सुमाराला निघोज्याहून एक शेतकरी सायकलवर धापा टाकत आला. बायको सकाळी बाळंत झाली, वारही पडली, पण रक्त थांबत नाही. डॉक्टर यायचा दिवस नव्हता. आम्ही गेलो. बाळंतीण म्हणजे कोवळी पोरच; तिचा उतरलेला रंग बघितला आणि मी तिच्या पोटावर हात ठेवला. मऊ. अशा वेळी गर्भाशय आवळून घट्ट व्हायला हवं. ते होत नव्हतं. माझ्याजवळचं होतं नव्हतं ते इंजेक्शन मी दिलं आणि म्हटलं, पुण्याला न्यायचं, आत्ता. बाळ जावेजवळ ठेवलं. गाडीच्या मागच्या भागात बाज आडवी टाकून हवालदारांनी ती काथ्यानं बांधून टाकली. सासू बाजेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, नवरा पुढे. त्याच्या मांडीवर दगड.

सगळा रस्ता मी पोट चोळत होते. घट्ट होई, मग हात जरा सैल केला की पुन्हा मऊ. मोशी गेली, भोसरी गेली. मुंबई रस्त्याला लागायच्या आधी रेल्वेचं फाटक होतं. ते उघडं होतं. आमच्या पुढे कडब्यानं भरलेली एक बैलगाडी चालली होती. ती रुळांवर चढली आणि तिचं चाक रुळाला अडलं. हवालदारांना मागे रुळांमध्येच थांबावं लागलं. बैलगाडी निघाली, आणि आमची गाडी एक आचका देऊन बंद पडली.

बंद पडली ती पहिल्या गिअरमध्ये. मागची चाकं रुळाच्या अलीकडे, पुढची पलीकडे.

हवालदारांनी दांडा ओढला. हलला नाही. क्लच जुना झाला होता, अर्धाच सुटायचा; आणि मागच्या चाकांना रूळ अडलेला, त्यामुळे सगळा भार आतल्या दातांवर आलेला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तेवढ्यात फाटकवाला खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "घंटी झाली. पिंपरी सोडली गाडीनं." त्यानं आमच्याकडे, मग बाजेकडे पाहिलं. मग आत जाऊन तांबडं निशाण घेतलं आणि तो रुळांच्या कडेनं पिंपरीच्या दिशेनं पळत सुटला.

"बाई," हवालदार म्हणाले. मला फक्त ओठ दिसले. मी कान पुढे केला. "शिटावर या."

मी सासूचा हात धरून पोटावर ठेवला. "इथं. दाबून चोळत राहा. दगडासारखं लागलं पाहिजे. मऊ लागलं की जोर वाढवा. काही झालं तरी हात काढायचा नाही." तिनं मान हलवली. हवालदारांनी नवऱ्याला मागे पाठवलं, काथ्या कापून बाज उतरवायला. त्याच्या कमरेला विळा होता. हवालदारांनी काथ्या बांधला होता तो सुटू नये अशा हिशेबानं, आणि आता तो विळ्यालाही लवकर दाद देत नव्हता.

फाटकाशी खोळंबलेली माणसं धावत आली. दहा-बारा असतील, भोसरी-दापोडीकडची शेतकरी माणसं. सगळे गाडीच्या मागे लागले आणि एका आवाजात रेटायला लागले. गाडी हलली नाही. आणखी जोर लावला. मी क्लचवर उभी राहिल्यासारखा पाय दिला होता, दांडा ओढत होते, आणि ते जितकं रेटत होते तितका दांडा माझ्या हातात जास्त घट्ट होत होता. कडब्याच्या गाडीवाल्यानं तर आपले बैल सोडून आणले. चऱ्हाट बंपरला बांधायला तो वाकला.

या माणसांनी आयुष्यभर बैलगाड्या काढल्या होत्या. चिखलातून, नाल्यातून, रुळांवरून. रुतलेल्या गाडीला एकच उपाय, पुढे रेटा. बैलगाडीला गिअर नसतो. पुढे रेटल्यानं एखादी गाडी जास्त अडकते, हे त्यांना कोण सांगणार?

हवालदार सांगत होते. गाडीपुढे उभे राहून, दोन्ही हात वर करून ते सांगत होते, आणि त्यांचा आवाज आमच्या काचेपर्यंतसुद्धा येत नव्हता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय म्हणताय?"

"मागं," त्यांचे ओठ म्हणाले. "चार बोटं मागं घ्या. दातावरचा भार उतरंल."

मला ते कळलं, आणि पटलं नाही. आगगाडी येते आहे आणि हा माणूस गाडी मागे, रुळांवर, लोटायला सांगतो आहे. पण माझ्या हातात दांडा होता, आणि हाताला विचारलं तर ते बरोबर होतं.

मी ओरडले. आयुष्यात तितकी कधी ओरडले नाही. "सोडा! मागचे सगळे बाजूला व्हा. रेटू नका."

"खुळी का काय तू?" मागून कोणीतरी म्हणालं. "गाडी आली की."

"सोडा म्हणते ना. बैल बाजूला घ्या."

बैलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, त्यानं चऱ्हाट टाकलं, बैल कडेला हाकलले आणि हवालदारांच्या शेजारी येऊन बॉनेटला खांदा लावला. मागच्यांचे हात क्षणभर सैल पडले. पुढून दोघांनी रेटा दिला. गाडी मागे सरकली, चार बोटंसुद्धा नाही, आणि माझ्या हातातला दांडा लोण्यातून काढल्यासारखा सुटला. तेव्हा पिंपरीच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली. लांब, आणि मग पुन्हा.

मी दांडा हलवला. डावीकडे, उजवीकडे. "मोकळा," मी ओरडले. दुसऱ्यांदा हलवून ओरडायला सवड मिळालीच नाही. मागच्या माणसांनी तो शब्द ऐकला आणि सगळं बळ लावून रेटलं. गाडी रूळ ओलांडून पलीकडच्या उतारावर सुटली. बैलवाला एका बाजूला उडी मारून गेला. हवालदार दुसऱ्या बाजूला. त्यांना बंपरचा धक्का लागला आणि ते रुळांलगतच्या खडीवर हातावर पडले, एवढं मला दिसलं. मग उतार संपला आणि मी ब्रेक दाबला. मला तेवढंच शिकवलं होतं, मोकळी करणं आणि थांबवणं. उतारावर गाडी तशीच जाऊ देऊन गिअर टाकला असता तर ती आपोआप सुरू झाली असती, हे मला नंतर कळलं.

मागे वळून पाहिलं तर आगगाडी फाटकावर येऊन उभी राहिलेली. फाटकवाल्याचं निशाण तिला दिसलं होतं, पण थांबता थांबता ती इथवर आली. रस्त्यावर डबेच डबे. रेटणारी सगळी माणसं, तो बैलवाला, गाडीमागे उभा राहून काथ्या कापणारा पोरीचा नवरा, सगळे तिच्या पलीकडे राहिले. अलीकडे आम्ही. बाजेवर ती, तिच्या पोटावर हात दाबून सासू, मी, आणि रस्त्याच्या कडेनं चालत येणारे हवालदार. उजवा हात डाव्या हातात धरला होता. मनगट जिथे वळू नये तिथे वळलं होतं.

मी मागे धावले. पोट मऊ होतं. सासू रडत रडत चोळत होती, आणि फडकं पुन्हा भिजलेलं. मी नाडी बघितली. आता तिच्याजवळ फार वेळ नव्हता, हे मला सांगायला डॉक्टर नको होता. दोन्ही हातांनी चोळून मी पोट पुन्हा आवळून आणलं, सासूचे हात त्याच्यावर ठेवले आणि पुढे आले.

हवालदारांनी डाव्या हातानं हँडल घातलं होतं. त्यांनी झटका दिला. हँडल अर्धं फिरून परत आलं. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा त्यांचा तोल गेला आणि मोडलेला हात बंपरवर आपटला. ते तसेच वाकून राहिले.

मी म्हटलं, "हँडल माझ्याकडे द्या. तुम्ही आत बसा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"हवालदार, ती मरेल."

"पलीकडनं रेटायला मानसं येऊ द्यात."

"येतील तेव्हा येतील. मी मारते. अंगठा बाजूला ठेवायचा, मला माहीत आहे. रोज बघते आहे."

"बाई, पुढं तुमी नगं."

मला संताप आला. माणूस मरतो आहे आणि याचा माज सुटत नाही, असं मला वाटलं, आणि मी ते बोलले. अगदी याच शब्दांत. मग त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं, फिरून गेले आणि आत बसले.

मी गाडीच्या तोंडासमोर उभी राहिले. पदर खोचला. पाय फाकवले. लोखंड तापलेलं होतं. काचेतून ते दिसत होते. त्यांनी डाव्या हातानं दांडा हलवला. डावीकडे, उजवीकडे. मी वाट पाहिली. त्यांनी पुन्हा हलवला. पुन्हा. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा हलवला. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता आणि ते तो पुसत नव्हते. मागे सासू मोठ्यानं म्हणाली, "मऊ लागतंय वो." हवालदारांनी डोळे मिटले, दांडा एकदा सावकाश हलवला आणि म्हणाले, "मोकळा." इतक्या हळू, की मी ते ऐकलं नाही, ओठांवरून ओळखलं. मग दुसऱ्यांदा.

मी हँडल मारलं. पहिल्या झटक्याला खांदा निखळला असं वाटलं. दुसऱ्याला इंजिन खोकलं. तिसऱ्याला ते धरलं, आणि गाडी माझ्यासमोर जागच्या जागी थरथरत उभी राहिली. मी हँडल ओढून काढलं आणि आत चढले. हवालदारांचा डावा हात दांड्यावर तसाच आवळलेला होता. तो मला बोट बोट करून सोडवावा लागला.

पुण्यापर्यंत त्यांनी एका हातानं चाक धरलं आणि ते कुजबुजतील तसा मी दांडा टाकला. फर्स्ट, सेकंड, टॉप. मधे मधे मी मागे हात घालून पोट बघत होते. हॉस्पिटलात पोरीला आत घेतलं, रक्त दिलं. संध्याकाळी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, जगेल ती. नवरा तोवर मिळेल त्या वाहनानं येऊन पोचला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि सासू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

हवालदार व्हरांड्यातल्या बाकावर होते. कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. मी शेजारी बसले. मला माफी मागायची होती. मी म्हटलं, "माज म्हणाले, ते चुकलं माझं."

त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली. मग त्यांच्या नेहमीच्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "लढाईत असतानाची गोष्ट हाय. म्या शिटावर हुतो. पुढं एक गडी उभा हुता हँडल मारायला, आमच्याच कंपनीतला. मागं त्याच्या भिताड. म्या सांगितलं, मोकळा. त्यानं हँडल मारलं आन् लॉरीनं त्याला भिताडाला दाबला."

मी म्हटलं, "घाईत होत असेल असं. बघायचं राहून जातं."

"ऱ्हायलं न्हवतं," ते म्हणाले. "म्या हलवून बघितला हुता, बाई. दोनदा. डावीकडं हलला, उजवीकडं हलला. दांडा मोकळाच हुता. आतलं दात धरल्यालं हुतं. जुन्या गाडीत हुतं तसं कवाकवा. वरनं कळत न्हाई."

आमची गाडी त्या लॉरीपेक्षा किती जुनी होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी माझ्या हातांकडे बघितलं. हँडलचा काळा डाग अजून तळव्यावर होता. मग मला राग आला, मला नेहमी येतो तसा. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? तिथे का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर हँडल मारलं असतं का तुमी?"

मारलं असतं की नसतं, हे मला आजही ठाऊक नाही. पण ते सगळं ठाऊक असून, मला समोर उभी बघून, त्यांनी "मोकळा" म्हटलं होतं. आणि त्याच माणसाला मी, त्याच्या तोंडावर, माज आहे म्हणाले होते.